झिजलेल्या शर्टापासून सुरुवात करा: स्वतःची शैली शोधणाऱ्या बायकांसाठी

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकतात, "मला कपड्यांतलं काही कळत नाही हं." मग बोलता बोलता लक्षात येतं की हीच बाई चित्रातल्या एका निळ्या छटेसाठी आठवडा घालवते, नाहीतर वाक्यातला एक शब्द बदलायला रात्रभर जागते. नजर तयार असते. कपाटासमोर उभी राहिली की मात्र ती नजर बाजूला ठेवून दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांनी स्वतःकडे बघायला लागते.

स्टायलिस्ट म्हणून कामाला लागले तेव्हा मीही उलट्या टोकाने सुरुवात करायचे. आधी 'लुक' ठरवायचा, मग त्यात माणूस बसवायचा. मातीची भांडी घडवणाऱ्या एका कलावतीसाठी मी पांढऱ्या लिननचा, घेरदार बाह्यांचा लांब शर्ट निवडला होता. फोटोत देखणा दिसला. दुसऱ्या दिवशी ती तो घालून चाकावर बसली आणि उजवी बाही कोपरापर्यंत चिखलात गेली. तिने शर्ट स्वच्छ धुऊन, इस्त्री करून परत पाठवला. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. त्या घडी घातलेल्या शर्टाने माझी जेवढी कानउघाडणी केली तेवढी कुणीच केली नाही. खाली दिलेली पद्धत त्यानंतर हळूहळू तयार झाली, आणि बरीचशी त्याच बाईबरोबर.

आधी सामान गोळा करा: मापं घ्यायची टेप, टाचण्या, शिंप्याचा खडू, एक साधी वही, पूर्ण उंचीचा आरसा, खिडकीतला दिवसाचा उजेड आणि पाठ टेकता न येणारं एक स्टूल. स्टूल कशाला ते तिसऱ्या पायरीवर कळेल. आणि हे सगळं होईपर्यंत नवीन काहीही विकत घ्यायचं नाही. सगळ्यात जास्त जणी इथेच घसरतात.

१. चौदा दिवस नुसती नोंद करा

रोज रात्री वहीत तीन ओळी लिहा. काय घातलं, त्यात कोणतं काम केलं, आणि काम संपल्यावर अंगावरून सगळ्यात आधी काय उतरवलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. कमरेचा पट्टा, कानातले, बूट, ओढणी, जे काही तुम्ही दार लावताक्षणी काढून फेकता ते तुमचं नाहीच, कितीही महाग असो. चौदा दिवसांत तेच नाव सहा वेळा आलं तर आणखी पुरावा कशाला हवा?

पहिले दोन-तीन दिवस तुम्ही वहीसाठी नटाल. नटू द्या. चौथ्या दिवसापासून कंटाळा येतो आणि खऱ्या नोंदी सुरू होतात.

२. सगळ्यात झिजलेला कपडा काढा आणि तो वाचा

ही पायरी घाईत उरकू नका, बाकीच्या सगळ्या हिच्यावर उभ्या आहेत.

कपाटातला सगळ्यात आवडता कपडा आणा, असं सांगितलं की बायका लग्नकार्यातलं काहीतरी आणतात. म्हणून मी सगळ्यात जास्त झिजलेला मागते. जो टाकायचा म्हणून तीनदा पिशवीत भरला आणि तीनदा परत काढला, तो.

मातीकाम करणारीने आणला तो करड्या रंगाचा जुना पुरुषी शर्ट. टेबलावर पसरून आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. उजव्या कफची कड विरून धागे लोंबत होते, डावा कफ जवळजवळ नवा. मला वाटलं, उजव्या हाताने जास्त काम होतं म्हणून. तिने करून दाखवलं तेव्हा वेगळंच निघालं. उजवी बाही सारखी खाली घसरायची आणि ती डाव्या हाताच्या कोरड्या मनगटाने घासून ती वर सारायची, दर दोन मिनिटांनी, वर्षानुवर्षं. छातीवरचा खिसा एका बाजूला ओघळला होता, कारण माती कापायची तार आणि लाकडी पट्टी त्यातच राहायची. वरून तिसरं बटण कधी लावलंच गेलं नव्हतं, त्याचं काज कोरं करकरीत. शर्ट उजेडासमोर धरला तर पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, कापड जाळीसारखं पातळ झालेलं दिसलं. चाकावर वाकून बसलं की सगळा ताण तिथेच येतो.

नवा शर्ट तिथेच ठरला. बाही पाऊण, कोपराखाली चार बोटं. पाठीला मधोमध एक खोल चुणी. खिसा छातीवरून काढून डाव्या कुशीवर, दुहेरी कापडाचा. गळा मुळातच तिसऱ्या बटणापर्यंत उघडा बेतलेला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा पहिल्या दिवशीच्या लिननपेक्षा कितीतरी ऐटदार दिसली, आणि 'लुक' हा शब्द आमच्या दोघींच्याही तोंडात आला नाही.

तुमचा कपडा वाचताना हे बघा: कोपर, कफ, मांडीची आतली बाजू, खिशांची तोंडं, गळ्याची मागची कड. कुठे विरलाय, कुठे ताणलाय, कुठे डाग पडलेत, कुठलं बटण बदललंय, कुठे रफू केलाय. प्रत्येक खुणेसमोर वहीत एकच प्रश्न लिहा: इथे माझं शरीर काय करत होतं?

कलावंत बायकांच्या पेहरावाकडेही याच नजरेने बघा म्हणजे त्यांची नुसती नक्कल करण्याचा मोह आवरतो. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचंच घ्या. तिची आठवण म्हणजे केसांतली फुलं आणि भडक रंग, एवढ्यावर लोक थांबतात. लहानपणीच्या पोलिओमुळे तिचा उजवा पाय बारीक झाला होता आणि १९२५ च्या बस अपघाताने पाठ मोडली होती. पुढे तिला अनेक वर्षं कॉर्सेटचा, म्हणजे पाठ ताठ धरणाऱ्या पट्ट्याचा, आधार घ्यावा लागला. लांब घेरदार परकराखाली पाय झाकला जाई. वरचा हुइपिल, म्हणजे मेक्सिकन झगा, चौकोनी आणि सैल, कमरेत न आवळणारा, त्यामुळे तो कॉर्सेटवरून सहज खाली उतरे. तिच्या मृत्यूनंतर तिच्याच घरात कुलूपबंद असलेले कपडे आणि वस्तू २००४ मध्ये बाहेर काढल्या, तेव्हा त्यांत रंगीबेरंगी परकरांबरोबर वैद्यकीय कॉर्सेटही होती. काहींवर तिने स्वतः चित्रं रंगवली होती. तुमच्या पाठीला ते दुखणं नसेल तर तो पोशाख तुमच्या अंगावर स्नेहसंमेलनातल्या वेषासारखाच दिसणार.

वेष आणि कपडे यांतला फरक समजायचा तर वेशभूषाकारांकडे बघावं. भानू अथय्या मुळात चित्रकार. 'गांधी' चित्रपटासाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटात एकच माणूस बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत येतो, आणि प्रत्येक टप्प्यावरचा कपडा त्याच्या त्या वेळच्या कामातून आलेला असतो. सूट आणि पंचा यांच्यामध्ये जे घडलं ते गाळून पंचा नेसवला असता तर तो वेषच झाला असता.

३. मापं बसूनही घ्या

आता ते स्टूल काढा. शिंपी माप उभं करून घेतो आणि आपण आयुष्य बसून, वाकून, हात पुढे करून काढतो. छाती, कंबर, नितंब, पाठीची रुंदी, मुंढा (बाही जोडते तो काखेचा घेर) आणि दंड यांची मापं आधी उभं राहून घ्या. मग कंबर आणि नितंब स्टुलावर बसून, आणि पाठीची रुंदी दोन्ही हात पुढे धरून, म्हणजे टायपिंग करताना किंवा कुंचला धरताना असतात तसे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. मधला फरक म्हणजे तुमच्या कपड्याला लागणारी जागा.

शिंपी याला लूजिंग म्हणतात. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीवर साधारण ५ ते १० सेंटिमीटर लूजिंग लागतं. कॅनव्हासवर हात उंच करून काम करणारीला वरच्या टोकाला जावं लागतं. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणींना उलटी वाटते. हात मोकळा हलायला हवा असेल तर मुंढा खोल नको, वर काखेजवळ हवा. मुंढा खाली उतरला की हात उचलताना अख्खा शर्ट वर ओढला जातो. तयार कपड्यांत खोल मुंढा सर्रास असतो, कारण तो जास्त जणींना कसाबसा बसतो.

खिशांबद्दल मी थोडी हट्टी आहे. फोन, पेन्सिल, चष्मा, जे दिवसभर हाताशी लागतं ते टेबलावर मांडा, मोजा, आणि त्या मापाचा खिसा मागा. अमेरिकी डिझायनर क्लेअर मॅककार्डेलने १९४२ मध्ये घरकाम करणाऱ्या बाईसाठी गुंडाळून बांधायचा 'पॉपओव्हर' ड्रेस काढला. त्याला मोठा खिसा तर होताच, वर गरम भांडं धरायचा जाड हातमोजाही जोडलेला होता. तरी आजसुद्धा बायकांच्या पँटला नुसती खिशाची शिवण मारून देतात. अशी पँट माझ्यासमोर आली की मी आधी खिसा उसवते.

४. कापड हाताने ओळखा

लेबल वाचा, पण त्याच्यावर विसंबू नका. कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट दाबा आणि सोडा. लिनन लगेच चुरगळतं आणि तसंच राहतं, सुती थोडं सावरतं, चांगली लोकर जवळपास पूर्ववत होते. मग कापड उजेडासमोर धरा आणि विणीतली छिद्रं एकसारखी आहेत का बघा. मग ते खांद्यावर टाकून पाहा. ताठ उभं राहणारं कापड आणि अंगाबरोबर खाली ओघळणारं कापड, यांतलं तुमच्या झिजलेल्या कपड्याशी कोणतं जुळतं?

धाग्याबद्दल शंका असेल तर कडेचे चार-पाच धागे काढून धातूच्या ताटलीत, चिमट्याने धरून जाळा. शेजारी पाणी ठेवा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. लोकर आणि रेशीम यांना जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडता येते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, मात्र सुतासारखंच जळतं, तिथे ही चाचणी फसते. मग एक धागा ओला करून ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की कमकुवत होतं आणि पटकन तुटतं, सूत टिकून राहतं. रोज धुवावा लागणारा कामाचा कपडा व्हिस्कोसचा घेऊ नका, हातात कितीही मऊ लागो.

शिवायच्या आधी कापड धुवा. नवख्यांपैकी निम्म्या जणी हे करत नाहीत आणि पहिल्या धुण्यानंतर शिंप्याला नावं ठेवतात. कापडावर खडूऐवजी दोऱ्याने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, नेहमी धुता तसं धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. ५० चे ४८ झाले तर कापड चार टक्के आटलं. उभं आणि आडवं वेगवेगळं मोजा, दोन्हीकडे सारखं आटत नाही.

उरेब कापड, म्हणजे धाग्यांना तिरकं, ४५ अंशांत बेतलेलं, ताणतं आणि अंगावरून वाहतं. मादलेन व्हियोने या फ्रेंच ड्रेसमेकरने १९२० आणि ३० च्या दशकांत अख्खे ड्रेस उरेबमध्ये बेतून नाव कमावलं. पहिल्या कपड्यासाठी हा नाद नको. गळ्याला उरेब पट्टी लावून घ्या, तेवढी पुरे.

५. रंग चेहऱ्याजवळ, खिडकीत

ऋतूंच्या नावाने माणसांची वर्गवारी करणाऱ्या रंगचाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दुपारच्या उजेडात, मेकअप न करता, कापडाचा तुकडा हनुवटीखाली धरा. आधी कापड दिसतं की आधी डोळे? डोळे आधी दिसले की रंग ठेवायचा. दुकानातल्या दिव्याखाली हे कधीच नीट होत नाही.

रंग एकटा बघू नका, हेही महत्त्वाचं. चित्रकार सोनिया दलोनेने १९११ मध्ये तिच्या तान्ह्या मुलासाठी कापडांच्या तुकड्यांची गोधडी शिवली आणि तिथून तिचं चित्रकाम रंगांच्या शेजाराकडे वळलं. १९१३ मध्ये तिने त्याच विचाराचा ड्रेसही बनवला. एकच हिरवा लालाशेजारी पेटतो आणि करड्याशेजारी शांत होतो. म्हणून नवीन तुकडा नेहमी कपाटातल्या तीन कपड्यांशेजारी ठेवून बघा. तिघांपैकी एकाशीही पटलं नाही तर तो तुमच्या घरात एकटाच पडणार.

आणि रंग कायमचा ठरत नाही. चित्रकार जॉर्जिया ओकीफ शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने घडवलेली पितळी ब्रोच वर्षानुवर्षं लावायची. केस पांढरे झाल्यावर ते पितळ तिला जुळेना, तेव्हा तिने तशीच ब्रोच चांदीत करवून घेतली. आकार तोच, धातू बदलला. दर काही वर्षांनी खिडकीत उभं राहून ही तपासणी पुन्हा करा.

६. शिंप्याकडे जाताना

झिजलेला कपडा सोबत न्या. फोनमधल्या फोटोपेक्षा तो कितीतरी जास्त बोलतो. "फिटिंग चांगलं करा" या वाक्याला काहीच अर्थ नाही, कारण त्याचं चांगलं म्हणजे घट्ट आणि तुमचं कदाचित सैल. "मुंढा याच्यापेक्षा दीड सेंटिमीटर वर, पाठीला चुणी, बाही कोपराखाली चार बोटं," असं बोला. संकोच वाटला तर कागदावर लिहून द्या.

पहिला नमुना स्वस्त सुती कापडात, कच्च्या शिवणीवर करून घ्या. त्याचे पैसे वेगळे पडतील, ते द्या. तो घालून स्टुलावर बसा, हात वर करा, खाली पडलेलं काहीतरी उचला, तुमचं जे काम असेल त्याचा अभिनय करा. शिंपी हसेल, हसू द्या. जिथे ओढेल तिथे टाचणी.

कुशीच्या शिवणीत माया ठेवायला सांगा, निदान दोन ते अडीच सेंटिमीटर. शिवणकामात या उरवलेल्या कापडाला माया म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर ठेवलंय. अंग भरलं तर ती उपयोगी पडते. तयार कपड्यांत सहसा एकच सेंटिमीटर असते आणि ती ओव्हरलॉकने (कड कापून शिवणाऱ्या यंत्राने) कापून टाकलेली, म्हणून ते सैल करता येत नाहीत. विकतचा कपडा घेतानाही ही आतली बाजू उलटून बघा.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही, हे आधीच माहीत असू द्या. लांबी, कंबर, बाहीचं टोक हे सोपं. खांदा मात्र नको. खांद्याला हात लावला की बाही आणि कॉलर दोन्ही उसवावे लागतात. खांदा बसत नसेल तर कपडा परत ठेवा, किंमत कितीही उतरलेली असो.

७. एखादा हट्ट उगवला तर उगवू द्या

ठसठशीत ओळख हवी म्हणून टोपी, चष्मा, लाल लिपस्टिक असं काहीतरी आधीच ठरवून येणाऱ्या पुष्कळ असतात. तीन महिन्यांत ते गळून पडतं. गोल मोठ्या चष्म्याच्या अमेरिकी सजावटकार आयरिस अॅपफेलच्या कपड्यांचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २००५ मध्ये भरलं, तेव्हा ती ८४ वर्षांची होती. त्यामागे अख्ख्या आयुष्याचं जमवणं होतं. फ्रिडाचा पाय १९५३ मध्ये कापावा लागला तेव्हा कृत्रिम पायासाठी तिने लाल चामड्याचा, भरतकामाने सजवलेला बूट करवून घेतला. अशा गोष्टी यादी करून येत नाहीत. तुमच्या वहीच्या नोंदींत एखादी वस्तू विनाकारण पुन्हा पुन्हा दिसली तर तिच्यावर नजर ठेवा, एवढंच.

८. मूळ कपडा टाकू नका

नवा कपडा जमला की तोच नमुना दोन-तीन कापडांत शिवून घ्या. ओकीफनेही तिला पटलेला गुंडाळून बांधायचा ड्रेस अनेकदा पुन्हा करवून घेतला होता. पण प्रत्येक वेळी माप मूळ कपड्यावरूनच घ्यायला सांगा, नव्यावरून नको. मी हे स्वतःच्या बाबतीत विसरले. माझा आवडता कुडता नव्यावरून पुढचा नवा असा चार वेळा शिवून घेतला, आणि पहिला जीर्ण झाला म्हणून लादी पुसायला काढला. चौथ्याचा गळा दोन बोटं मोठा आला होता आणि मुंढा खाली सरकला होता. दर वेळी चिमूटभर बदल झाला आणि एकदाही माझ्या लक्षात आला नाही. ताडून बघायला मूळ कुडता मागितला तेव्हा तो बादलीत होता. धुऊन वाळवला. खांदा आणि एक बाही शाबूत होती, त्यावरून शिंप्याने मुंढा परत काढला. गळा अजून जमलेला नाही.